विहिरीवरच्या इंजिनात तळणीचं तेल मिसळतोय, आता सकाळी इंजिन स्टार्ट घेत नाही

मळेकरी, कवठेमहांकाळ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

माझ्या विहिरीवर आठ एचपीचं सिंगल सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन आहे. वडिलांनी १९९४ साली घेतलेलं. मोटर आहेच, पण शेतीची लाईट निम्मा आठवडा रात्रीची असते, म्हणून दिवसा पाणी सोडायचं तर इंजिनाशिवाय भागत नाही. दिवसाला सरासरी अडीच तास चालतं, तासाला दीड लिटर डिझेल खातं. डिझेल नव्वदच्या घरात. हिशोब तुम्हीच करा.

मेव्हण्याचं हायवेला हॉटेल आहे. वडे, भजी, पुऱ्या. महिन्याला चाळीस लिटरच्या आसपास तळणीचं तेल उरतं, सगळं पामतेल. मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि संक्रांतीपासून सुरुवात केली. तेल दोन दिवस बसवायचं, वरचं निवळ तेल सुती धोतराच्या चौपदरी कापडातून तीनदा गाळायचं, मग तीस टक्के तेल आणि सत्तर टक्के डिझेल असं कॅनमध्ये घुसळून टाकीत. आमच्या मते हे झालं बायोडिझेल.

पहिला महिना काही म्हणजे काही तक्रार नव्हती. उलट आवाज मऊ झाला, धुराला भज्यांचा वास यायचा, पोरं हसायची. आता होळी होऊन गेलीय आणि तीन गोष्टी झाल्यात. सकाळी पंधरा-वीस हँडल मारल्याशिवाय इंजिन स्टार्ट घेत नाही, पहिली पाच मिनिटं पांढरा धूर ओकतं आणि लोडवर आलं की काळा. दुसरं, ऑइल मोजायच्या पट्टीवर इंजिन ऑइल खुणेच्या वर दिसतंय, मी वरून एक थेंब टाकलेला नाही. तिसरं, पूर्वी पाण्याची धार चौकोनी हौदाच्या मधोमध पडायची, आता ती काठाजवळ पडते. म्हणजे दमच गेलाय.

डिझेल इंजिन काढणाऱ्या डिझेलसाहेबानं स्वतःच शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं होतं असं वाचलं होतं. मग माझ्या इंजिनाला काय झालं? आणि मेव्हणा २०२१ च्या पिकअपमध्ये पण हेच टाकायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?

पंप-नोझल, कराड

मळेकरी दादा, आधी इंजिन बंद ठेवा. आज संध्याकाळचं पाणी मोटरवर नाहीतर शेजाऱ्याच्या इंजिनावर भागवा, पण ते इंजिन ऑइल बदलल्याशिवाय हँडलसुद्धा मारू नका. पट्टीवर ऑइल वर चढलंय ही तुमच्या तिन्हीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

मी एकतीस वर्षं पंप-नोझलचंच काम करतो. तेलावर चालवलेली इंजिनं माझ्याकडं दरवर्षी दोन-तीन तरी येतात आणि प्रत्येकाची गोष्ट तुमच्यासारखीच असते. पहिला महिना छान गेला, आवाज मऊ झाला. हा पहिला महिनाच माणसाला फसवतो. शंभर तासांपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. दीडशे-दोनशे तासांच्या दरम्यान एकदम सगळं दिसायला लागतं. तुमचा हिशोब मांडला तर संक्रांत ते आज पावणेदोनशे तास होतात.

आता आत काय होतं ते सांगतो. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, तिच्या टोकाला जी भोकं असतात ती अगदी बारीक. दोनशे किलोच्या आसपास दाब आला की सुई उचलते आणि डिझेल धुक्यासारखं उडतं. माझ्याकडच्या टेस्टरवर चांगलं नोझल लावलं की दांडी मारल्यावर "कुर्र कुर्र" असा आवाज येतो आणि फवारा दिसतच नाही, नुसती वाफ दिसते. त्याच टेस्टरमध्ये मी एकदा साधं गाळलेलं तेल घालून बघितलं. धुकं नाही, पिचकारी निघाली. समोरच्या पुठ्ठ्यावर चार ओले डाग पडले. कारण सरळ आहे. चाळीस डिग्रीला डिझेलचा घट्टपणा दोन ते साडेचार सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं माप) असतो, खाद्यतेलाचा तीस ते चाळीस. दहापट. तुम्ही तीस टक्के घातलंत म्हणजे मिश्रण डिझेलच्या दुप्पट-अडीचपट घट्ट झालं आणि थंड सकाळी त्याहून जास्त.

पिचकारीसारखं पडलेलं तेल पूर्ण जळत नाही. थोडं नोझलच्या टोकावरच भाजतं, थोडं पिस्टनच्या डोक्यावर, आणि उरलेलं लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भिंतीवरून पिस्टनवरच्या रिंगांपाशी उतरतं. टोकावरचा कार्बन वाढला की फवारा वाकडा होतो, वाकडा फवारा आणखी कार्बन करतो. रिंगांच्या खाचेत कार्बन बसला की रिंगा चिकटतात, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेवरचा दाब, जातं. सकाळी तुम्हाला वीस हँडलं मारावी लागतात ती त्यामुळं. आणि रिंगांवरून खाली उतरलेलं तेल चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या इंजिन ऑइलच्या भांड्यात, जातं. डिझेल खाली गेलं तर गरम ऑइलमधून थोडंफार उडून तरी जातं, हे उडत नाही. साठत राहतं.

२००९ साली गुऱ्हाळावरचं एक इंजिन आलं होतं. मालकानं हंगामभर सूर्यफुलाचं तेल अर्ध्याला अर्धं घातलेलं. चेंबरचा नट काढला, खाली घमेलं ठेवलं, आणि काही पडेचना. पोरगा म्हणाला ऑइल संपलंय. मी स्क्रू-ड्रायव्हर आत घातला तर तो काळ्या चिकट गोळ्यात रुतला आणि बाहेर काढताना तार धरली, अगदी पाक झालेल्या काकवीसारखी. मालक स्वतः काकवी करणारा माणूस, तो बघतच राहिला. क्रँकची बेअरिंग गेली होती, कारण ऑइल तिथवर पोचतच नव्हतं. नोझल काढलं तर टोकावर कार्बनचा फुलकोबी. इंजिन वाचलं, पण क्रँक घासून घ्यावा लागला. तुमचं अजून तिथं गेलेलं नाही असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता करायचं काय. इंजिन ऑइल पूर्ण काढा, ते बोटांत घेऊन चोळा, तार धरते का बघा आणि इथं सांगा. नवीन ऑइल घालून तासभर शुद्ध डिझेलवर चालवा आणि तेही काढून टाका, ही दोनदा बदली कंजूषपणा न करता करा. टाकी उतरवून धुवा, तळाशी लोण्यासारखा थर सापडेल. डिझेल फिल्टर नवीन टाका. नोझल काढताना कॉपरचा वॉशर नवा घ्या, जुना परत बसवू नका, आणि नोझल टेस्टरवर दाखवा. घरी तारेच्या ब्रशनं टोक घासू नका. भोकं बिघडली की नोझल भंगारात. मग कॉम्प्रेशन बघा. स्टार्ट करताना दाब सोडायची जी लिव्हर असते ती सोडून हँडल हळू फिरवताना जिथं जोर लागायला हवा तिथं सहज फिरत असेल, तर हेड उतरवून रिंगा बघाव्याच लागतील.

डिझेलसाहेबाची गोष्ट खरी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. पण त्या काळच्या इंजिनात आजच्यासारखा पंप-नोझल नव्हताच. दाबलेली हवा इंधनाला फोडून आत ढकलायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर असायचा. घट्ट तेलही ती हवा फोडायची. आपल्या ओळखीचा इंजेक्शन पंप कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडायला लागला तो १९२७ पासून, आणि तो पंप डिझेलच्या पातळपणावर बेतलेला आहे. माझं पोट ज्या पार्टवर चालतं त्याच्याबद्दल मी एवढं तरी वाचून ठेवलंय.

रसायन शिकवते, लातूर

मळेकरी दादा, मिस्त्रींनी इंजिनाची बाजू सांगितली, मी तेलाची सांगते. तुम्ही जे केलंत ते बायोडिझेल नव्हे. तेल कितीही गाळलं तरी ते तेलच राहतं.

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला टांगलेल्या तीन लांब साखळ्या. दांडीमुळं तो रेणू अवजड होतो, म्हणून तेल घट्ट. बायोडिझेल करायचं म्हणजे त्या तिन्ही साखळ्या दांडीवरून सोडवायच्या आणि प्रत्येकीला मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा छोटा तुकडा जोडायचा. कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश हे काम घडवून आणतं. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्ची पडतं आणि १०० किलोच्या आसपास बायोडिझेल व १० किलोवर ग्लिसरीन मिळतं. प्रत्यक्षात मिथेनॉल जवळजवळ दुप्पट घालावं लागतं, नाहीतर क्रिया अर्ध्यावर थांबते. यानंतर घट्टपणा चाळीसवरून चार-पाचवर येतो. सगळा फरक एवढाच, आणि तुमच्या नोझलला तोच फरक हवा होता.

मी दरवर्षी बारावीच्या मुलांना हे अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये करून दाखवते. पंचावन्न अंशांवर तासभर ढवळायचं, मिथेनॉल चौसष्ट-पासष्टला उकळतं म्हणून त्याच्यावर न्यायचं नाही. मग ढवळणं थांबवलं की दहा-पंधरा मिनिटांत खालून गडद, चहाच्या अर्कासारखा थर चढायला लागतो आणि वर मधासारखा पिवळा थर उरतो. मुलं अक्षरशः टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना परीक्षा करायला लावते. सत्तावीस मिली मिथेनॉलमध्ये तीन मिली बायोडिझेल घालून बाटली हलवायची. सगळं विरघळून स्वच्छ दिसलं तर क्रिया पूर्ण. तळाशी तेलाचा थेंब लोळत राहिला तर तेवढं तेल तसंच उरलंय. नव्या तेलाला बहुतेक वेळा स्वच्छ येतं. वडेवाल्याकडून आणलेल्या तेलाला माझ्या मुलांच्या हातून दहापैकी सहा वेळा थेंब उरतो.

कारण तळणीच्या तेलात दोन शत्रू असतात. एक पाणी, जे वड्यांतून येतं. दुसरं म्हणजे सुटी स्निग्धाम्लं, तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं साखळ्या आपोआप सुटतात त्या. या दोन्हींमुळं कॉस्टिक बायोडिझेलऐवजी साबण करतं. म्हणून आधी तेल तापवून पाणी उडवायचं, थोडं तेल घेऊन आम्लता मोजायची, त्या हिशोबानं कॉस्टिक वाढवायचं, आणि आम्लता दोन टक्क्यांच्या वर गेली तर आधी आम्ल वापरून वेगळीच क्रिया करायची. शेवटी पाण्यानं धुणं आणि पूर्ण कोरडं करणं. यातली एक पायरी चुकली की इंजिनात साबण नाहीतर कॉस्टिक जातं.

आणि घरी चाळीस लिटरचा घाणा घालायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका, हे मी हात जोडून सांगते. मिथेनॉलची वाफ अकरा-बारा अंशांवरच पेट घेऊ शकते आणि त्याची ज्योत उजेडात डोळ्यांना दिसत नाही. अंगावर सांडलं तर कातडीतून शोषलं जातं. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती या मिथेनॉलनंच. इंजिनाच्या धुराला पोरं हसायची हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पोरं तिथं असतात. पाण्याच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या कॅनमध्ये ते ठेवायचं नाही.

एक गोष्ट तेलाच्या जातीबद्दल. जवसाचं तेल रंगात का घालतात? कारण ते हवेत वाळून पापुद्रा धरतं. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही त्याच्याच बाजूची तेलं, गरम चेंबरमध्ये लवकर चिकट होतात. मिस्त्रींच्या गुऱ्हाळवाल्याचं सूर्यफूल म्हणूनच काकवीसारखं झालं. पामतेल त्या मानानं कमी चिकटतं, पण थंडीत थिजतं. जानेवारीत सकाळी तुमच्या कॅनमधलं तेल तुपासारखं झालं नव्हतं का?

मळेकरी, कवठेमहांकाळ

मॅडम, झालं होतं. कॅन उन्हात ठेवून मग ओतायचो. त्यात काही वावगं असेल असं डोक्यातच आलं नाही.

मिस्त्री, ऑइल काढलं. तार धरत नाही, पण बोटाला गुळगुळीत न लागता चिकट लागतंय, आणि साडेतीन लिटरच्या जागी सव्वाचार लिटर निघालं. टाकीच्या तळाशी तुम्ही म्हणालात तसा लोण्यासारखा थर, पिवळसर. उद्या नोझल घेऊन मिरजेला जातोय.

पारनेरचा करंज

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो, कारण या तेलानं माझी सात वर्षं खाल्ली आहेत.

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं सांगितलं की मोगली एरंडाच्या (जट्रोफाच्या) बियांचं तेल काढून २०११-१२ पर्यंत देशातल्या डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळायचं. त्याआधी ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर धावली होती, त्याची बातमी मी कापून ठेवली होती. २००६ मध्ये एक माणूस गावात आला, रोपं विकून गेला, बी विकत घेण्याची चिठ्ठी लिहून दिली. खडकाळ माळावर, पाण्याशिवाय, गुरं खात नाहीत, तिसऱ्या वर्षी पैसे, असं सांगितलं. मी बांधावर आणि माळावर मिळून चारशे रोपं लावली.

गुरं खात नाहीत हे खरं निघालं. पाण्याशिवाय झाड जगतं हेही खरं. पण जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. पाणी-खत नाही तर झाडाला मूठभर बी. पाणी देऊ शकलो असतो तर मी तिथं कांदा नसता का लावला? पेंडही विषारी, जनावराला चालत नाही. चिठ्ठी देणारा माणूस परत दिसला नाही. २०१३ मध्ये जेसीबी लावून सगळं उपटलं.

करंजाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही. करंज आपलाच आहे. ओढ्याकाठी आपोआप वाढतो, मुळं नत्र धरतात, आमच्या आजीच्या काळी त्याच्या तेलाचे दिवे लागायचे. एक किलो बियांतून गावच्या घाण्यावर पाव किलोच्या आसपास तेल निघतं, पेंड शेतात खत म्हणून जाते. कर्नाटकात त्याला होंगे म्हणतात, तिथं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी होंगेच्या तेलावर खेड्यात जनित्रं चालवून दाखवली होती. माझं म्हणणं एवढंच की नवं झाड लादण्यापेक्षा असलेल्या झाडांचं बी कुणी गोळा करत नाही, ओढ्यात वाहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

श्टुटगार्टहून

मी मूळचा इस्लामपूरचा, इथे ट्रकच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. साधं तेल जाळणारे लोक इथेही होते. पण ते काय करायचे ते नीट ऐका. गाडीला दोन टाक्या. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, गरम पाण्याच्या पाईपनं तेलाची टाकी सत्तर अंशांपर्यंत तापवायची, मग तेलावर जायचं, आणि बंद करायच्या आधी पाच मिनिटं परत डिझेलवर यायचं, म्हणजे नोझलमध्ये तेल थिजून राहत नाही. शिवाय इंधन म्हणून विकायच्या मोहरीवर्गीय रेपसीड तेलाला स्वतःचा प्रमाण-दर्जा आहे, त्यात फॉस्फरस, राख, पाणी सगळं मोजलेलं असतं. वापरलेल्या तळणीच्या तेलाला तो लागूच नाही. एवढं करूनही इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदलायचे.

ऑगस्ट २००६ पासून जर्मनीनं बायोडिझेलवर कर लावायला सुरुवात केली आणि हळूहळू शंभर टक्के बायोडिझेलचे पंप ओस पडले. आज इथल्या साध्या डिझेल पंपावर चौकोनात बी-७ लिहिलेलं असतं, म्हणजे सात टक्क्यांपर्यंत. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकातही सात टक्क्यांपर्यंत मुभा आहे, फरक एवढाच की इथे ते खरंच घातलेलं असतं.

शोरूम सर्व्हिस, सोलापूर

पिकअपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मळेकरी, मेव्हण्याला आजच फोन करा. २०२१ ची म्हणजे बीएस-६, धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमांतली. त्यात इंधन दीड हजार बारच्या (एक बार म्हणजे जवळपास मिस्त्रींचा एक किलो दाब) वर दाबानं जातं आणि सायलेन्सरच्या लाईनमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. तो फिल्टर भरला की गाडी स्वतःच सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडते, म्हणजे धूर तापून काजळी जळेल. डिझेल उडून तिथवर जातं. तेल काय, चांगलं बायोडिझेलसुद्धा तितकं उडत नाही, ते भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. त्या गाडीला साधं तेल टाकलं तर इंजेक्टर, पंप आणि फिल्टर तिन्ही जातील, आणि वॉरंटीचा कागद उपयोगी पडणार नाही. मॅन्युअलमध्ये जेवढे टक्के लिहिलेत त्याच्या वर अर्धा टक्काही नको.

पंप-नोझल, कराड

पारनेरकर काका, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. करंजतेलाचं मलाही पटतं, फक्त ते मॅडमच्या पद्धतीतून जायला हवं. कच्च्या करंजतेलाची आम्लता बऱ्याचदा जास्त असते.

मळेकरी दादांसारखे बरेच जण हे वाचत असतील म्हणून दुसरी बाजूही सांगतो. नीट केलेल्या बायोडिझेलला माझा विरोध नाही. उलट. एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलंय, डिझेल कोरडं झालंय, आणि पंपाच्या एलिमेंटला, म्हणजे आत डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याला, वंगण डिझेलचंच असतं. त्यात दोन टक्के चांगलं बायोडिझेल असलं तरी वंगण सुधारतं. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात वीस टक्क्यांपर्यंतचं मिश्रण मी लोकांना चालवू दिलंय, ज्यांच्याकडं माल खात्रीचा होता त्यांना. लिटरमागं ताकद किंचित कमी, एक-दोन टक्के, विहिरीवर कळतही नाही. धूर कमी होतो.

पण दोन गोष्टी ठरलेल्या. बायोडिझेल हे धुणारं इंधन आहे. जुन्या टाकीत पंचवीस वर्षांचा गाळ असतो, तो सुटतो आणि पहिले एक-दोन फिल्टर चोंदतात. लोक म्हणतात बायोडिझेलनं इंजिन बंद पडलं. बंद पडलं ते जुन्या गाळानं, फिल्टर सोबत ठेवावा. दुसरं, जुने रबरी पाईप फुगतात, मऊ होतात, पाझरतात. पाईप बदलूनच सुरू करावं. आणि साठवून ठेवू नये, सहा महिन्यांच्या वर तर नाहीच. आंबूस वास आला की समजावं.

खात्रीचा माल म्हणजे काय? बायोडिझेलच्या आयएस १५६०७ या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेला, तपासणीचा कागद जोडलेला. "बायोडिझेल" असा फलक लावून स्वस्त काहीतरी विकणारे हायवेला खूप उगवले होते. त्यातलं काही भरलेले तीन पंप माझ्या टेबलावर आले, एलिमेंट जाम. त्या इंधनाला ना तेलाचा वास ना डिझेलचा, थिनरसारखा वास होता. म्हणजे बायोडिझेलचं नाव घेऊन भलतंच. वाहनांसाठी बायोडिझेल विकण्याचे नियम ३० एप्रिल २०१९ ला केंद्रानं काढलेत, विक्रेत्याकडं परवानगी आणि कागद मागायला लाजू नका.

रसायन शिकवते, लातूर

मळेकरी दादा, तुमच्या मेव्हण्यांच्या तेलाचं काय करायचं ते राहिलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०१८ मध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी द्यायची योजना सुरू केली. नोंदणी असलेले गोळा करणारे हॉटेलवर येऊन तेल नेतात आणि लिटरमागं पैसे देतात. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना तर नोंद ठेवणं बंधनकारक आहे. मेव्हण्यांचं एवढं नसेल, तरी दोन-तीन हॉटेलांनी मिळून बोलावलं की गाडी येते. आणि हे तेल हातगाडीवाल्यांना स्वस्तात विकू नका असंही त्यांना सांगा. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते माणसाच्या पोटात जाता कामा नये, हा १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे. इंजिनात जाळण्याचं निमित्त होऊन का होईना, तुमच्या घरात हा विषय निघाला याचा मला आनंद आहे.

मळेकरी, कवठेमहांकाळ

दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. द्राक्षाची छाटणी सुरू होती.

मिरजेत नोझल टेस्टरवर लावलं. मिस्त्रींनी सांगितलेली "कुर्र" ऐकू आलीच नाही, नुसता "फच" आवाज आणि एका बाजूला लांब पिचकारी. टोकावर चिंचोक्याएवढा काळा खडा. त्यांनी तो हातात दिला, नखानं फुटत नव्हता. मग हेड उतरवलं. वरच्या दोन रिंगा खाचेत चिकटलेल्या, एक तर बोटानं दाबली तरी हलेना. लायनर शाबूत आहे, उभे ओरखडे नाहीत. बेअरिंगही बघितली, चांगली आहेत.

रिंग सेट, नोझल, फिल्टर, दोनदा ऑइल, गास्केट आणि मजुरी मिळून ८,६०० रुपये झाले. अडीच महिन्यांत सत्तर-ऐंशी लिटर तेल घातलं होतं, म्हणजे डिझेलचे सात हजार वाचवले होते. हे आकडे मी इंजिनाच्या खोलीत खडूनं भिंतीवर लिहून ठेवलेत, पोरांना दिसतील असे.

मेव्हण्यानं पिकअपमध्ये काही टाकलेलं नव्हतं, सुदैवानं. त्याचं तेल आता सांगलीहून एक गाडी येऊन नेते, मॅडमनी सांगितल्याप्रमाणं शेजारच्या दोन ढाब्यांचंही त्यातच जातं. त्यांच्याकडं नोंदणीचा कागद मागितला, त्यांनी दाखवला.

पारनेरकर काका, आमच्या ओढ्याला सतरा करंज आहेत, काल मोजून आलो. शेंगा वाळल्यात, खाली पडायला लागल्यात. बी गोळा करून ठेवतो. मिस्त्री, ते तेल इंजिनात घालणार नाही, काळजी नको. पण घाण्यावरून काढलं तर बैलगाडीच्या आखाला आणि दावणीच्या दोरांना चालेल ना? आणि एक विचारायचं राहिलं: नव्या रिंगांवर पहिले किती तास कमी लोडवर चालवू?

पंप-नोझल, कराड

आखाला चालेल. रिंगांना पहिले पंचवीस तास अर्ध्या-पाऊण लोडवर, पाण्याच्या पाईपचा व्हॉल्व्ह थोडा दाबून पाणी कमी काढा, पण नुसतं रिकामं फिरवत ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. पंचवीस तासांनी ऑइल परत एकदा काढा. त्यानंतर हँडल किती मारावी लागतात ते इथं लिहा.